नान्ना पीत नव्हते, हे डॉक्टरबाईंनी कानावरून ओळखलं

माझ्या बापाला अख्खी पेठ दारुडा म्हणायची.
त्यानं आयुष्यात थेंब घेतला नव्हता.

हे ज्यांनी ओळखलं, त्या आमच्या सोलापूरच्या कानाच्या डॉक्टरबाई काल गेल्या.

सत्तरचं दशक. नान्ना, म्हणजे आमच्या तेलुगू घरातले वडील, यंत्रमागावर होते. दोन माग पुढं, दोन पाठीमागं. पाठीमागचा धागा तुटला का बघायला मान वळवली की गरगरायचं, झोकांड्या जायच्या. दोनदा पडले.

मालक म्हणाला, "सोमवारपासनं येऊ नको. पिऊन पट्ट्यात हात घालशील, मी कुटं जाऊ?"

घरात आम्ही चार पोरी. आईनं नान्नांना ओढतच बाईंकडं नेलं. मी मागं मागं.

बाई हळू आवाजात एकेक शब्द बोलल्या. नान्नांनी सगळे बरोब्बर सांगितले. एकदम पास!

बाई हसल्या. तोंडापुढं फाइल धरून परत बोलल्या.
नान्ना गप्प.

अहो, मागांच्या खडखडाटात ओठ बघूनच बोलणं कळायचं की! इथंही सवयीनं तेच केलं. फसवायचं मनातसुद्धा नव्हतं बिचाऱ्याच्या.

मग कानात थंड पाणी, नंतर कोमट. डोळे कसे हलतात, किती वेळ हलतात, बाई मनगटावरच्या घड्याळात बघत होत्या. मशीन नाही नि बिशीन नाही.
शेवटी मान मागं वळवून धरायला लावली. बुबुळं झटके खायला लागली.

"ऐकू कमी येतंय ते मागांच्या आवाजानं. पण कानातली तोलाची नस ठीक आहे. मान वळली की मेंदूच्या मागच्या भागाला रक्त कमी पडतंय, म्हणून चक्कर."

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः कारखान्यात हजर. लई दरारा!

"बाई, पितो हो तो," मालक म्हणाला.
"मी तपासलंय त्यांना. तुम्ही काय तपासलंत?"
नान्नांना पुढचेच माग मिळाले. काम वाचलं.

त्या संध्याकाळी आई भाकरी थापता थापता थांबली.
"मीपण तुमचा शर्ट हुंगून बघायचे," म्हणाली.

नान्ना खाली बघून म्हणाले, "माहिताय मला."
मग दोघंही रडली.

डॉक्टरबाई, माझ्या बापाची अब्रू तुम्ही परत आणून दिलीत.
आम्हा चौघी बहिणींचा तुम्हाला साष्टांग नमस्कार.