मुकादम मॅडमनी लाइन बदलली तेव्हा

सकाळी सीटी स्कॅनचं मशीन चालू केलं की ते तापायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात आम्ही चहा घेतो आणि कोणीतरी एक किस्सा सांगतो. रत्नागिरीच्या या सेंटरमध्ये मी अकरा वर्षं टेक्निशियन आहे, म्हणजे बघा किती साठले असतील. पण नवा माणूस आला की त्याला आम्ही आधी मुकादम मॅडमचेच सांगतो. मॅडम आमच्या रिसेप्शनला असतात. कॉम्प्युटरचा कोर्स वगैरे काही केलेला नाही.

*

आमच्याकडे काढलेले स्कॅन नेटवरून मुंबईच्या डॉक्टरांकडे जातात. ते बघून रिपोर्ट पाठवतात. नेट गेलं की पेशंट बाकावर बसून राहतो, आणि पावसात तर ते दिवस दिवस जायचं. शेवटी आमचे मालक, केळकर सर, वैतागले.

"रविवारी जुनी कंपनी काढायची, नवी जोडायची. तासाभराचं काम."

मॅडम म्हणाल्या, "सर, मला एक महिना द्या."

"एका वायरीला महिना?"

"वायरीला नाही सर. त्या वायरीवर काय काय लटकलंय ते शोधायला."

*

दुसऱ्या दिवसापासून मॅडम एक जुनी डायरी घेऊन प्रत्येकाला विचारत फिरल्या, "नेट गेलं तर तुमचं काय अडतं?"

मी ऐटीत म्हटलं, "माझं सोपं आहे. सेंडचं बटण दाबतो, फोटो मुंबईला जातात."

"पण संदेश, ते आपलेच आहेत हे मुंबईवाल्यांना कसं कळतं?"

मी पुन्हा बटणाकडेच बोट दाखवलं. त्यांनी तिथूनच मुंबईला फोन लावला. तिकडच्या माणसाने सांगितलं, तुमच्या लाइनला एक कायमचा नंबर आहे, त्या नंबरवरून आलेलंच आम्ही आत घेतो. म्हणजे लाइन बदलली की नंबर बदलणार आणि आमचा एकही स्कॅन पोचणार नाही. मॅडमनी जुन्या नंबरच्या जोडीला नवाही नोंदवून घेतला.

अकरा वर्षं मी ते बटण दाबत होतो.

*

सुमनमावशी आमच्याकडे साफसफाई करतात. त्यांना काय विचारायचं, असं सरांना वाटत होतं. मॅडमनी विचारलं.

मावशी म्हणाल्या, "माझं काय अडणार? मी तर रोज सकाळी तो लुकलुकणारा डबा बंदच करते. लादी सुकत नाय लवकर, म्हणून त्या प्लगला पंखा लावते. दहा मिनिटांनी डबा परत चालू. तेवढा वेळ फोन पण मरतो."

रोज सकाळी नऊच्या सुमारास नेट का जातं, म्हणून सरांनी कंपनीकडे दोन वर्षं तक्रारी केल्या होत्या. आणि सेंटरचा फोनही त्याच डब्यावर चालतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. पार पाली गावापर्यंत लावलेल्या आमच्या बोर्डांवर तोच नंबर रंगवलेला. मॅडमनी डायरीत लिहिलं, 'फोनचा नंबर तोच ठेवून नव्या लाइनवर नेणे.'

सर म्हणाले, "आणि मावशींना पंख्यासाठी वेगळा प्लग काढून द्या."

*

नव्या कंपनीचा इंजिनियर पाटील, मूळचा कोल्हापूरचा. मॅडमनी त्याला विचारलं, "तुमची केबल पावसात दगा देणाऱ्या त्या जुन्याच खांबांवरून नाही ना येणार?"

"नाही मॅडम, आमचा रूट पूर्ण वेगळा."

मॅडमनी त्याला स्कूटरवर मागे बसवलं आणि खांब न् खांब बघत मिरजोळ्यापर्यंत गेल्या. नकाशात रूट वेगळा होता, पण जागेवर तीन खांब तेच निघाले. पाटीलने मुकाट्याने केबल खालच्या रस्त्याने फिरवून आणली.

नंतर मला हळूच म्हणाला, "मॅडम याआधी कुठल्या कंपनीत होत्या हो?"

मी म्हटलं, "इथेच. रिसेप्शनला."

*

नवी लाइन सुरू झाली. तरी मॅडमनी जुनी पंधरा दिवस ठेवायला लावली. नव्या वायरीला पिवळी टेप, जुनीला लाल. "पिवळी मेली तर काढायची आणि लाल लावायची. विचार करत बसायचं नाही," म्हणाल्या, आणि माझ्याकडून दोनदा करूनही घेतलं. मला तेव्हा हसू येत होतं.

पुढच्या मंगळवारी दुपारी पालीहून एका गृहस्थांना आणलं. आंबे उतरवताना झाडावरून पडलेले, शुद्ध नव्हती. बायको सोबत. स्कॅन काढला, सेंड दाबलं आणि फोटो अर्ध्यावर अडकले. खालच्या रस्त्यावर एका ट्रकने नवी केबल ओढून नेली होती.

मी पिवळी काढली, लाल लावली. फोटो एकामागून एक जायला लागले. थोड्याच वेळात माझ्या मोबाइलवर मुंबईच्या डॉक्टरांचा फोन आला, "डोक्यात रक्त साठतंय. थांबू नका, तडक कोल्हापूरला न्या."

ते गृहस्थ दीड महिन्याने स्वतःच्या पायांनी जिना चढून आम्हाला भेटायला आले.

*

पण त्याआधी जुन्या कंपनीचे लाइनमन रहाटेकाका डबा न्यायला आले होते. कित्येक पावसाळे हा माणूस आमच्यासाठी खांबावर चढलेला. मॅडमनी चहा मागवला. सर मुद्दाम केबिनमधून बाहेर आले आणि पालीच्या पेशंटची हकिकत सांगून म्हणाले, "तुमच्या लाइनने माणूस वाचवला, काका."

"कुठल्या दिवशी म्हणालात?"

"मंगळवारी. दुपारी."

काकांनी कप खाली ठेवला. "मंगळवारी सकाळीच मला ही लाइन तोडायची ऑर्डर होती. सर, तुमचाच अर्ज आलेला ना ऑफिसात, लगेच बंद करा म्हणून."

मॅडमनी सरांकडे बघितलं. सर भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागले.

मी विचारलं, "मग काका, तोडली का नाही?"

रहाटेकाकांनी लाल टेपची वायर नीट गुंडाळली, डब्यासोबत पिशवीत ठेवली.

"त्या दिवशी जमलं नाय," म्हणाले, आणि दाराशी जाऊन चपला घालायला लागले.