लाल देठाचा बीट

आमच्या अंजूरच्या घराण्यात साखरबीट लावणारा मी पहिला माणूस, आणि माझ्या हयातीत तरी दुसरा कोणी होणार नाही.

आमची बहुतेक भातशेती गोडाऊनखाली गेली. (त्यातल्याच एका गोडाऊनमध्ये मी सुपरवायझर आहे. म्हणजे आजोबांच्या खाचरात मी ड्युटी करतो!) घरामागे एक तुकडा तेवढा उरला होता आणि त्यावर आबाकाकांचा डोळा होता. आबाकाका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, आमच्या घरातला शेवटचा शब्द. त्यांच्या नितेशचं लग्न उन्हाळ्यात ठरलं होतं.

"हळदीला अर्धा तालुका येनार," काका म्हणाले. "गाड्या काय डोक्यावर लावू? खडी टाकून पार्किंग करतो."

आईचा चेहरा उतरला. त्या तुकड्यात ती मिरच्या, माठ, वाल असं काहीबाही टाकायची. रोज सकाळी कप घेऊन तिथंच उभी राहून चहा प्यायची. मला बघवेना. मी छाती पुढे काढली.

"काका, मी पीक घेतो तिथं."

"खाडीची खारी जमीन ती. काय पिकनार?"

"साखरबीट! तो खारं सोसतो." (मोबाइलवर अर्धा व्हिडिओ पाहिला होता. अर्धाच, कारण मध्ये जाहिरात लागली.)

काका हसले. "बरं. हळदीच्या आधी पीक दाखव. न्हाय दिसलं, तर खडीचा डंपर उभाच हाय."

बी मागवलं, विस्कटून पेरलं, उगवलं. इथपर्यंत शेती सोपी असते. पुढे जे उगवलं त्यात बीट कुठला आणि तण कुठलं हेच कळेना! पण मी शिकलेला माणूस. बीट लाल असतो, हे कोशिंबीर बाजूला सारणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. तेव्हा ज्याचे देठ लाल तो बीट, बाकी सगळं तण! शिफ्ट संपली की मी उकिडवा बसून तण मुळासकट उपटायचो. फार माजलेलं तण होतं, चांगल्या जाड हिरव्या पानांचं. उकिरड्यावर फेकलं तरी तिथंही टवटवीत राहायचं. बघून चीड यायची.

लाल पीक मात्र जोमात आलं. मग कीड आली. पानांना भोकं पडली म्हणून मी निंबोळी अर्क मारला, पिवळे चिकट सापळे टांगले. सापळ्यात पहिलं सावज सापडलं ते आबाकाकांचा पांढरा सदरा, आतल्या काकांसकट!

"ह्यो कीड पकडतोय का पाहुनं?" काका ओरडले.

त्यानंतर आली ती खरी चमत्कारिक कीड. रोज सकाळी काही झाडांचे शेंडे साफ गायब! आणि काप कसा, तर विळीवर चिरल्यासारखा. मी मोबाइलवर तासन्‌तास शोधलं, पण इतकी टापटिपीची अळी जगात कुठंच सापडेना.

"आई, शेंडे खाणारं काही दिसलं का गं तुला?"

"न्हाय बा. मी तर रोज जाते तिथं, मला काय किडा दिसला न्हाय. ये, जेवून घे. सुका जवळा घालून माठ केलाय."

माठ अप्रतिम असायचा. तांदळाच्या भाकरीबरोबर मी दोनदा मागून घ्यायचो. एक वाटी आबाकाकांकडेही जायची. (फवारणीच्या आठवड्यात भाजी जरा कडू लागली, तेव्हा मी आईलाच ऐकवलं, "बघून घेत जा गं भाजी!") माठ कुठून येतो, हे मी विचारलं नाही. गरम भाकरीपुढे माणूस चौकशा करत नाही.

लग्न जवळ आलं, तशी आई एकदा उकिरड्यावरून काहीतरी उचलून घेऊन आली.

"बग रं, ह्यो मुळा कवढा झालाय!"

मी तज्ज्ञाच्या नजरेनं पाहिलं. पांढराफटक, बुटका, बेढब. "आई, रोग पडलाय त्याला. घरात आणू नकोस, पिकावर येईल!" आणि तो मी शेजारच्या म्हशीपुढे टाकला.

हळदीच्या आदल्या दिवशी आबाकाका आले. मागे नितेश, त्यामागे खडीचा डंपर. आई दारात पदर चाचपत उभी राहिली.

"काढ तुजा बीट," काका म्हणाले.

मी सगळ्यांत जाड झाड दोन्ही हातांनी धरून उपटलं. खाली उंदराच्या शेपटीएवढं मूळ!

"दुसरं काढ."

दुसरं काढलं. शेपटीच.

"अरे, पर माठाला खाली काय येनार?" आई कळवळून म्हणाली.

"माठ? आई, हा बीट आहे!"

"काय बोलतंस? मी रोज खुडून भाजी करते. तूच तर दोनदा मागून खातंस!"

नितेशनं मोबाइल माझ्यापुढे धरला. "दादा, साखरबीट पांढरा असतो. ह्यो बग फोटो." फोटोतली जाड हिरवी पानं मी लगेच ओळखली. फोटोतला पांढरा, बुटका, बेढब कंदही ओळखला.

डंपरवाल्यानं इंजिन सुरू केलं. मला आईकडे बघायची हिंमत होईना.

"थांब रे," काका त्याला म्हणाले आणि आईकडे वळले. "आमच्याकडं वाटी येते, तो माठ ह्योच?"

"ह्योच, भावजी."

काकांनी एक पान खुडून निरखलं, मग हात हलवला. "जा, खडी परत ने. गाड्या गोडाऊनच्या आवारात लावू. असा माठ अंबाडी गावच्या बाजारात पन भेटत न्हाय."

आई लगेच वाकून शेंडे खुडायला लागली. मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. (हळदीचे पाहुणे जवळ्याच्या माठावर तुटून पडले, ते वेगळं.)

तर जमीन वाचली, ती मी जीव तोडून जपलेल्या तणामुळे. माझ्या हातून पिकलेला एकुलता एक साखरबीट खाल्लेली ती म्हैस मात्र मी कुंपणाजवळ दिसलो की अजून दावं ताणून धावते. अख्ख्या अंजुरात मला शेतकरी मानणारी ती एकटीच आहे!