नलूकाकूंचे पेढे

नलूकाकू वर्षातून एकदाच पावर हाउस वस्तीत विहीणबाईंकडे जायच्या, आणि तेही सूड उगवायला. एका हाताशी नात मिनू, दुसऱ्या हातात पेढ्यांचा डबा. दार उघडलं की म्हणायच्या, "मिनू सात वर्सांची झाली. तोंड गोड करा." पुढच्या वर्षी आठ, मग नऊ. विहीणबाई म्हणायच्या, "मले शुगर आहे." काकू डबा मागे घ्यायच्या नाहीत. "मग हात लावून वापस द्या. पन लावा."

खुर्सीपार वस्तीत काकूंची नि आमची भिंत एक. काकूंचे यजमान रेल्वेच्या दुर्ग लाइनवर गेटमन होते. ते गेले आणि काकू लेकीसाठीच जगत राहिल्या. ती लेक एक दिवस तान्ह्या मिनूला घेऊन माहेरी परत आली. मिनूच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मतःच भोक होतं; आपोआप बुजलं नाही तर छाती उघडून ऑपरेशन, असं डॉक्टर म्हणाले होते. सासूबाईंनी सुनेला तोंडावर सांगितलं होतं, "छाती चिरलेली पोरगी कोन करीन? देवानं नेली तर सुटली." हे वाक्य काकूंनी दागिन्यासारखं जपून ठेवलं.

मिनू सहा वर्षांची झाली तरी भोक बुजेना, वजनही वाढेना. रायपूरला इंग्रजी रिपोर्ट वाचायला मी बरोबर गेले होते. डॉक्टर म्हणाले, आता छाती न उघडताही हे बंद करता येतं. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि छत्रीसारखी उघडणारी चकती भोकात बसवतात. छातीवर व्रण नाही. परतताना काकूंचा चेहरा उजळला होता. "एक डाग नाई राहनार. नेऊन उभी करते त्या विहिणीपुढे."

पण पुढच्या तपासणीत कळलं की भोकाला एका बाजूनं कडच नाही. चकती कशाला धरून राहणार? छाती उघडूनच ठिगळ लावावं लागेल; तेही आता नेहमीचं, भरवशाचं काम आहे, असं डॉक्टरांनी समजावलं. काकूंनी ऐकलं नाही. नागपूरला दुसरे डॉक्टर झाले, मग तिसरे. सगळ्यांचं उत्तर एकच. यात चार महिने गेले, मिनूला निमोनिया होऊन गेला आणि चार पायऱ्यांतच तिला धाप लागू लागली.

मला राहवलं नाही. "काकू, तुम्हाला मिनू वाचवायची आहे की विहीणबाईंना हरवायचंय?"

काकू मेथी निवडत होत्या. "दोनी," त्या म्हणाल्या. जुडी संपवून त्यांनी देठं गोळा केली. मग म्हणाल्या, "माह्या हट्टापायी पोरगी गेली, तर ते बाईच जिंकली ना."

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकीला ऑपरेशनच्या कागदावर सही करायला पाठवलं. मिनू दहा दिवसांत घरी आली, आणि त्याच वर्षी पहिला डबा पावर हाउसला गेला.

गेल्या वर्षी काकू गेल्या. सूडही त्यांच्याबरोबर गेला असं मला वाटलं, आणि थोडं हायसंही वाटलं. पण वाढदिवसाला मिनू माझ्या दारात उभी, हातात डबा. "मावशी, चल ना. आजी जात होती, आता अपन जाऊ."

विहीणबाई फार थकल्या होत्या. मिनूच्या कुर्त्याच्या गळ्यापाशी व्रणाचं टोक दिसत होतं. त्यांची नजर तिथेच गेली. मिनूने ओढणी सारखी केली नाही.

"पंधरा वर्सांची झाली मी. तोंड गोड करा."

"मले शुगर आहे, बाई."

"माहीत आहे," मिनू म्हणाली. "हात लावून द्या."