गुंड्याची पेज

रत्नप्रभाबाईंनी कुत्रा मागितला नव्हता, आणि त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. नवरा गेल्यापासून आई दिवसभर भिंतीकडे बघत बसते, हे हर्षदला पाहवत नव्हतं. पण बोरिवलीहून विक्रोळीला रोज येणंही जमत नव्हतं. अशा वेळी मुलं काहीतरी आणून देतात आणि मोकळी होतात. एका रविवारी त्यानं एक पिल्लू आईच्या मांडीवर ठेवलं. "घे, हा गुंड्या. एकदम झकास सोबत होईल तुला."

गुंड्या कसला, नुसती हाडं आणि कान. त्यात पोट असं नाजूक, की राजवाड्यात जन्माला यायचं ते चुकून विक्रोळीत आलेलं. दूध-पाव दिला, तर सगळा जिना घाण करून ठेवला. हर्षदनं पुडीतलं तयार खाणं आणलं, ते जसंच्या तसं ओकला. शेजारच्या कुंदाताई म्हणाल्या, दहीभात द्या, थंड पडतो. वरच्या मजल्यावरून उकडलेलं अंडं आलं. कुत्र्याच्या पोटात काय जावं हे अख्ख्या बिल्डिंगला कळत होतं, फक्त ते पोटच ऐकत नव्हतं. एका सकाळी रक्त पडलं, तेव्हा बाईंनी त्याला पदरात गुंडाळलं आणि मार्केटामागचा प्राण्यांचा दवाखाना गाठला.

तिथल्या डॉक्टर शर्मिष्ठा वयानं लहान, पण बोलायला ठाम होत्या. "आजी, याची आतडी फार नाजूक आहेत. मऊ भात, उकडलेला लाल भोपळा आणि बिनमिठाची कोंबडी, बस. थोडं थोडं द्यायचं. तेल नाही, मसाला नाही, कांदा तर अजिबात नाही. पुन्हा असं झालं तर मला याला वाचवता येईलच असं नाही."

बाईंनी मान हलवली. भात गळेपर्यंत शिजवून त्याची पेज करायची, त्यात भोपळा मोडायचा, कोंबडीचे धागे सोडायचे, हे त्यांनी त्या दिवसापासून मनावर घेतलं. ती पेज गुंड्याला पचली. हळूहळू अंग धरलं, शेपटी हलायला लागली. बाई त्याच्याशी गप्पा मारायला लागल्या, आणि हर्षदच्या फोनवर "बरी आहे"च्या पुढेही दोन वाक्यं बोलायला लागल्या.

पेज ढवळताना मात्र गेलेला नवरा, लवू, आठवायचा. गिरणी बंद पडली, पुढची सगळी वर्षं वॉचमनकीत गेली, पण या माणसानं बायकोकडे कधी काही मागितलं नाही. हौस एकच, वडे आणि काळ्या वाटाण्यांचं सांबारं. शेवटच्या आजारात डॉक्टरांनी नेमकं तेच बंद केलं. "एक वडो दी गो. अर्धो तरी दी," असं तो रोज म्हणायचा. "बरे व्हा, मगे देतंय," म्हणून बाई पेजेची वाटी पुढे करायच्या. मग त्यानं मागणं सोडलं आणि थोड्याच दिवसांत गेला. किती सेवा केलीस, असं सगळे म्हणाले. बाईंना त्या कौतुकाची शरम वाटायची. माणूस राहत नाही हे सगळ्यांना दिसत होतं, तरी आपण अर्धा वडा दिला नाही, हे त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं.

भाद्रपदात लवूचा म्हाळ, म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध, आला. वाकोल्याहून त्याचा धाकटा भाऊ शिवदास बायकोला घेऊन आला, हर्षद तर सकाळपासूनच होता. बाईंनी वडे तळले, सांबारं केलं, खीर केली. केळीच्या पानांवर नैवेद्याच्या तीन वाड्या वाढल्या: गाईची, कावळ्याची आणि कुत्र्याची. गाईची हर्षद देवळाजवळ देऊन आला. कावळ्याची घेऊन सगळे गच्चीवर गेले.

कावळे टाकीवर रांगेनं बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. पितृपक्षात प्रत्येक गच्चीवर पान असतं, त्यांना अजीर्ण झालं असणार. पण असला विचार त्या वेळी कोण करतो? शिवदासनं हात जोडले. "दादा, आमचा काय चुकला आसात तर माफ कर. हर्षदाक आमी आसंव." कावळा हलला नाही. तेव्हा तो भावजयीकडे वळला. "वयनी, तेच्या मनात काय रवलासा?"

"वडो मागत होते," बाई म्हणाल्या. "मिया दिलंय नाय."

सगळे खाली घरात आले. मग शिवदासच हळूच म्हणाला, "कुत्र्याची वाडी गुंड्याक घाल. दादा तेच्या तोंडान जेवतलो."

"काका, त्याला नाही चालत," हर्षद म्हणाला. "खाली ढीगभर कुत्रे आहेत, त्यांना घालू ना."

"घरचो आसताना भायरचो कित्याक? एक दिस काय्येक होवचा नाय!"

"आई, नको. तुला माहितीये ना काय होईल ते."

बाईंना माहीत होतं. डॉक्टरांचा शब्दन् शब्द आठवत होता. पण आपला माणूस वर्षभर उपाशी फिरतोय आणि आज त्याला जेवायला बिल्डिंगखालच्या उकिरड्याजवळ पाठवायचं, हे त्यांच्यानं होईना. त्यांनी पान गुंड्यासमोर ठेवलं. त्यानं आधी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. इतके दिवस या वासाच्या जवळही त्याला जाऊ देत नव्हत्या त्या. बाई म्हणाल्या, "जेवा."

त्यानं वडा खाल्ला, सांबारं चाटलं, पानसुद्धा फाडलं. बाई रडत होत्या आणि हसतही होत्या. मग सगळ्यांची पानं वाढली, आणि लवू गेल्यावर पहिल्यांदाच त्या पोटभर जेवल्या.

संध्याकाळी पाहुणे गेले आणि गुंड्याला उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात डॉक्टर शर्मिष्ठांनी विचारलं, "काय खाल्लं यानं?"

हर्षद काहीतरी सांगणार तोच बाई म्हणाल्या, "वडा आणि सांबारं. मी घातलं."

"आजी, तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं."

डॉक्टरांनी सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली आणि घरी न्यायला सांगितलं. सकाळी उजाडता उजाडता बाईंच्या मांडीवरच गुंड्यानं पाय ताणले आणि संपला.

हर्षद चिडला नाही, याचंच बाईंना वाईट वाटलं. गुंड्याच्या अंगावरून हात फिरवताना त्यांना स्वच्छ कळत होतं: लवूला भूक होती की नव्हती, देव जाणे, टोचत होतं ते आपल्या मनाला, आणि त्यासाठी आपण या मुक्या जिवाचं पोट वापरलं.

तेवढ्यात फोन वाजला. शिवदास होता, आणि आनंदानं त्याचा आवाज भरून आला होता. "वयनी, रात्री दादा सपनात इलो! पोटभर जेवलंय म्हणालो. हसत होतो गो!"

खरं काय ते काकाला सांगायला हर्षदनं फोनसाठी हात पुढे केला. बाईंनी तो दिला नाही.

"होय भावोजी," त्या म्हणाल्या. "माझ्या देखत जेवले."