गालगुच्चा

थिएटरचे डोअरकीपर आजोबा एका हाताने तिकीट फाडत आणि दुसऱ्या हाताने पोरांचा गालगुच्चा घेत. तीस वर्षांचा शिरस्ता होता तो. पिक्चर त्यांनी कधी बघितला नाही. बाहेर पडणाऱ्यांची तोंडं बघूनच तो चालणार की पडणार, हे ते सांगत.

या वेळच्या पिक्चरने मात्र त्यांची पंचाईत केली. घरातल्याच काकाच्या नकोशा स्पर्शांनी छळलेल्या मुलीची गोष्ट! "याला कौटुंबिक म्हणतात होय?" पोस्टरकडे बघत आजोबा करवादले. लोक रडतही नव्हते, हसतही नव्हते. पोरांचे हात घट्ट धरून गुपचूप बाहेर पडत होते.

रविवारी एक आठेक वर्षांची चिमुरडी आईबरोबर बाहेर आली. आत जाताना तिने गालगुच्चा निमूट सोसला होता. आजोबांचा हात सवयीने पुन्हा पुढे झाला.

"नको. मला आवडत नाही," ती ठणकावून म्हणाली.

आता आई पोरीला दटावणार, म्हणून आजोबा थांबले. आई म्हणाली, "शाब्बास."

आजोबांचे कान तापले. मग ते मिशीतल्या मिशीत हसले आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. "चुकलं माझं, बाळ."

संध्याकाळी मॅनेजरने विचारलं, "काय आजोबा, लोकांना कळतोय का पिक्चर?"

"लोकांचं लोक जाणोत. मला दारातच कळला."