पंपवाल्यांचा कॉम्प्युटर

इमारतीत त्यांना सगळे पंपवाले म्हणत. शहराला पाणी चढवणाऱ्या पंपघरात त्यांची उभी हयात गेली होती. निवृत्त होऊन वर्ष उलटत आलं, तरी नळाची धार बारीक झाली की शेजारपाजारचे अजून त्यांच्याच दारात येत, जणू पाणी हेच अडवून बसलेत. पंपवाल्यांना ते मनातून आवडायचं. खुपत होतं ते वेगळंच. पंपघरात आता अशी एक यंत्रणा बसवली होती की ती आपली आपण पंप सुरू करायची, आपली आपण बंद करायची, आणि तिच्याजवळ माणसाने बसायचीसुद्धा गरज उरली नव्हती.

त्यांच्या बायकोला, म्हणजे सगळ्यांच्या काकूंना, घरबसल्या एक काम होतं. त्या पुस्तकांच्या सूची करायच्या. जाड पुस्तकाच्या शेवटी कोणता शब्द कोणत्या पानावर आहे ते सांगणारी बारीक अक्षरातली जी पानं असतात, आणि जी जगात कोणीही वाचत नाही असं पंपवाल्यांचं ठाम मत होतं, ती पानं काकू कॉम्प्युटरवर तयार करत.

निवृत्तीनंतर पंपवाले गप्प झाले. चिडत नव्हते, कुरकुरत नव्हते, नुसते खिडकीपाशी खुर्चीत बसून असायचे. त्यांच्या बडबडीने कान किटले असं काकू आयुष्यभर म्हणत आल्या होत्या. ती बडबड थांबली आणि घर खायला उठलं.

अशात एक दिवस कॉम्प्युटरने सूचना दाखवली की ही ऑपरेटिंग सिस्टिम आता जुनी झाली, नवी घाला. काकूंनी ती मोठ्याने वाचली मात्र, पंपवाले खुर्चीतून उठले.

"चांगलं चालतंय की मशीन! आणि म्हणे जुनी झाली. सर बाजूला, मीच घालतो नवी."

काकूंच्या हातात समुद्रातल्या माशांवरचं एक भलंमोठं पुस्तक होतं आणि सोमवारी त्याची सूची प्रकाशकबाईंना द्यायची होती. पण कित्येक महिन्यांनी नवऱ्याच्या आवाजात जोर आला होता, तेव्हा त्या मुकाट्याने सरल्या.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथे एकही धड गेला नाही. दुसऱ्याच सकाळी काकूंनी छापील पानांतून मान वर केली तर पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजलेला. माउस हलेना, कीबोर्डवरची कळ दाबली तर अक्षर उमटेना. शेवटी बटण दाबून बंद करावा लागला आणि सकाळभर गोळा केलेले मासे पाण्यात गेले.

"हँग झाला," पंपवाले म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुःख कमी अन् उत्साह जास्त होता. "काळजी करू नकोस. याचं मूळ शोधतोच."

पंपघराचा एक नियम होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग हात ठेवून बसायचं. पंपाच्या अंगावर तळहात टेकला की आत काय चाललंय ते त्यांना कळायचं, असं ते सांगत. तोच नियम घरी लागू झाला. आधी कीबोर्ड बदलला. मग प्लग दुसऱ्या सॉकेटमध्ये गेला. मग कॉम्प्युटरचा डबा उघडून आतली रॅमची पट्टी काढली आणि खोडरबरने घासून परत बसवली. दर वेळी पंपवाले स्टूल ओढून कॉम्प्युटरसमोर बसायचे, उजवा तळहात माउसवर ठेवायचे आणि डोळ्यांत तेल घालून पडद्याकडे बघत राहायचे. जुन्या सवयीने तळहात हळूहळू फिरत असायचा. आणि ते बसलेले असेपर्यंत कॉम्प्युटर शहाण्या मुलासारखा चालायचा.

"बघ! रॅमच होती. खोडरबरने काम झालं." असं म्हणून ते विजयी वीरासारखे अंघोळीला जायचे. अंगावर दुसरा तांब्या पडेपर्यंत बाहेरून काकूंची हाक यायची, "अहो, झाला हो परत!"

मग खोडरबर खोटं ठरायचं आणि ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर आळ यायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा तो कारखानाच होता. इंटरनेटवर अशाच रोगाने हैराण झालेल्या लोकांच्या चर्चा पंपवाले चष्मा लावून वाचायचे आणि एकेक निकालात काढायचे. "हा म्हणतो, काम नसतं तेव्हा बंद पडतो. आपलं तसं नाही. मी किती वेळ नुसता बसून होतो, पडला का?"

पण जेवताना ते बोलायचे! प्रोसेसर म्हणजे काय, पंखा कुठला, गरम किती होतो. आमटी गार व्हायची तरी यांचं संपायचं नाही. बाथरूममधून शीळ ऐकू यायची. काकूंना ती शीळ लग्नापासून बेसूर वाटत आली होती. आताही ती बेसूरच होती, पण त्या दाराबाहेर उभ्या राहून ऐकायच्या.

शब्द कुठे कुठे येतो याचा माग काढणं हाच ज्या बाईचा धंदा, तिला हे कोडं किती दिवस पुरणार? टाइप करत असताना कॉम्प्युटर कधी अडत नाही, हे काकूंच्या लक्षात आलं. त्या पानं वाचत बसल्या किंवा दार उघडायला उठल्या की अडतो. आणि नवरा तासन्‌तास बसतो तेव्हा अडत नाही, कारण त्याचा हात माउसवर फिरत असतो. मशीनला रिकामं राहणं सोसत नव्हतं आणि पंपवाले त्याला रिकामं राहूच देत नव्हते. स्वतःच घर जागं ठेवून हे चोराची वाट बघत होते!

काकूंना इतकं हसू आलं की तोंडाला पदर लावावा लागला. मग त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. उठण्याआधी सेव्ह करायचं, एवढीच खबरदारी घेतली आणि शीळ ऐकत राहिल्या.

शनिवारी लेकीचा फोन आला. "आई, सोमवारी काम द्यायचंय ना तुला? बाबांचा खेळ पुरे झाला. कॉम्प्युटरच्या दुकानातला माणूस उद्या सकाळी येतोय, मी सांगून ठेवलंय."

फोन ठेवताना काकूंना पुढचं सगळं दिसलं. तो माणूस येणार, दोन मिनिटांत कळ दाबणार आणि हसत हसत सांगणार, "काका, एवढंच होतं." त्यानंतर पंपवाले पुन्हा खुर्चीत जाऊन बसतील आणि या वेळी उठायचे नाहीत. सांगावं तर बायकोने सांगितलं म्हणून वाईट वाटणार, न सांगावं तर परक्याने सांगितलं म्हणून. त्यांचं त्यांनाच सापडायला हवं होतं, आणि तेही आजच.

पंपवाले स्टुलावर होते. हात अर्थातच माउसवर.

"अहो, जरा चादर धरा."

"मी कामात आहे."

"कॉम्प्युटर कुठे पळून जातोय? दोन्ही हातांनी धरा, घडी घालायचीय."

नाइलाजाने ते उठले. दोघं चादरीची दोन-दोन टोकं धरून उभी राहिली. एक घडी झाली.

"वाकडी झाली. उघडा."

दुसरी घडी झाली. काकूंना तीही पटली नाही. तिसऱ्या वेळी पंपवाल्यांचा पारा चढला. "अगं, चादर आहे की नकाशा? कुठे वाकडी आहे?" असं म्हणत त्यांनी सवयीने पडद्याकडे पाहिलं. कोपऱ्यातलं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाच्या मागे राहिलं होतं. सेकंद सरकत नव्हते.

ते चादर धरून तसेच उभे राहिले. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिले.

"मी हात काढला," ते सावकाश म्हणाले, "म्हणून थांबला."

पुढचं सगळं पंपवाल्यांनीच केलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, नाकारलेली ती चर्चा पुन्हा काढून नीट वाचली. काम नसलं की प्रोसेसर गाढ झोपेत जातो आणि नव्या सिस्टिमला त्याला त्या झोपेतून उठवता येत नाही, असं तिथे लिहिलं होतं. ती झोप बंद करण्याचं सेटिंग त्यांनी शोधलं, बदललं आणि हात मागे बांधून लांब उभे राहिले. चहा झाला, भांडी झाली, काकूंनी मुद्दाम बाल्कनीत एक चक्कर मारली. घड्याळ चालत राहिलं. मग पंपवाल्यांनी लेकीला फोन लावला आणि दुकानातल्या माणसाला येऊ नको म्हणून सांगायला लावलं. पाच शब्दांचा निरोप द्यायला त्यांना बराच वेळ लागला.

फोन ठेवल्यावर ते काकूंकडे वळले. "तुला माहीत होतं."

"थोडंसं."

"मग बोलली का नाहीस?"

थट्टेवारी नेता आलं असतं, पण काकूंनी नेलं नाही. "तुम्ही पुन्हा बोलायला लागला होतात. हा दुरुस्त झाला की परत गप्प व्हाल, याची भीती वाटली मला. मासे काय, पुन्हा गोळा केले असते."

पंपवाले स्टुलावर बसले. कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले, "त्याचं बरं आहे, एक सेटिंग बदललं की सुटला. मला रिकामं बसता येत नाहीये गं. वर्ष झालं. कोणाला सांगायचं तेच कळत नव्हतं."

इतक्या वर्षांत काकूंनी आपल्या कामाला कोणाला बोट लावू दिलं नव्हतं. त्यांनी छापील पानांचा गठ्ठा उचलला आणि त्यातला अर्धा नवऱ्याच्या मांडीवर ठेवला.

"मी मासा सांगेन, तो त्या पानावर आहे का ते तुम्ही बघायचं. आणि हे बघा, इथे तुम्ही नवशिके आहात. साहेबगिरी चालायची नाही."

"बरं बाई," पंपवाले म्हणाले, आणि त्यांनी चष्मा पुसला.

पहिल्याच पानावर त्यांनी काकूंची चूक काढली. ती कशी झाली असावी, का झाली असावी आणि पुढे होऊ नये म्हणून काय करायला हवं, हे ते दिवे लागेपर्यंत सांगत होते. कान किटले तरी काकूंनी त्यांना थांबवलं नाही.