साहेब येण्याच्या आदल्या दिवशी

तपासणीला साहेब येणार म्हटलं की शाळेत दोन कामं होतात. व्हरांडा धुतला जातो आणि कच्च्या पोरांची यादी निघते. यादीतल्या पोरांच्या घरी निरोप जातो, 'उद्या पाठवू नका.' कागदावर हे कुठंच नसतं, पण मी फिरले त्या बहुतेक शाळांत चालायचं.

मी फिरती शिक्षिका. ज्यांना शिकायला जास्त वेळ लागतो, ऐकू कमी येतं, बोलताना अडखळायला होतं, अशा मुलांसाठी आठवड्यातून एकदा एकेका गावी जायचं. बुधवारी आर्वीहून सकाळची एसटी धरायची, फाट्यावर उतरून पायी. यादी निघाली की मी भांडायचे. तोंडाची फटकळच आहे मी. मला पाहिलं की हेडमास्तर आधी चहा मागवायचे.

त्या बुधवारच्या शाळेत चौथीत एक मुलगी होती. घरचा भाजीचा मळा. तिला बोलणं उशिरा आलेलं, शब्द सुटायला वेळ लागायचा. आणि जे बोलायची ते घरचं वऱ्हाडी, पुस्तकातल्या मराठीपुढं ती गप्पच. वर्गातली पोरं तिला मुकी म्हणायची. मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि तिच्या मळ्यातल्या भाज्यांच्या चिठ्ठ्या केल्या, जुन्या वहीचे पुठ्ठे कापून. वांगं, मेथी, सांभार. पुस्तकात कोथिंबीर असेल, असू दे! तिची आई सांभार म्हणते, मग मीही सांभारच लिहिलं.

तीन महिन्यांनी तिनं अख्खं एक वाक्य वाचलं. बोट ठेवून, कपाळाला घाम फुटेपर्यंत. 'माझी आई भाजी विकते.' बाप्पा, मला कोण आनंद झाला! त्या भरात मी बोलून गेले, "साहेब आले का त्यायले वाचून दाखवजो."

तिनं ते मनावर घेतलं. दर बुधवारी फाटकातच विचारायची, "आले का साहेब?"

दिवाळीच्या तोंडावर एका बुधवारी कळलं, उद्या साहेब येणार. हेडमास्तरांनी चहा मागवला आणि म्हणाले, "मॅडम, ते पोरगी अडकली तर सगळ्यायसमोर रडन. तिच्या मायले तुम्हीच सांगा, तुमचं ऐकते ते."

सगळीकडं भांडणारी मी, त्या दिवशी भांडले नाही. पोरीची दया आली, अशी मी मनाची समजूत घातली. खोटं होतं ते. ती अडकली तर साहेबांसमोर माझ्या तीन महिन्यांच्या कामाचं हसं होईल, याची मला भीती वाटली.

परतताना मळ्यात गेले. आईला म्हटलं, "उद्या घरीच राहू द्या तिले."

"काऊन?"

"साहेब येऊन राह्यले."

मुलगी शेजारीच बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. तिचे हात थांबले.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, पोहे खाल्ले आणि तासाभरात गेले. चौथीच्या वर्गात डोकावलेसुद्धा नाहीत म्हणे.

पुढच्या बुधवारी ती शाळेत नव्हती. ताप असेल, म्हणाले सगळे. मग दिवाळीची सुट्टी लागली, मग माझं प्रशिक्षण निघालं. खरं सांगू? मळा रस्त्याला लागूनच होता, एसटीच्या खिडकीतून दिसायचा. जायला मला तोंड नव्हतं.

शेवटी गेले. आई वांगी तोडत होती. मी म्हटलं, "पाठवा ना तिले आता."

तिनं मान वर केली नाही. "त्या दिवशी पहाटंच आंघोळ करून, वेणी घालून बसली होती ते. तीच एक ओळ म्हणून राह्यली होती. म्या धरून ठेवली तिले, तुमच्या शब्दावर." मग हातातलं वांगं टोपलीत टाकून म्हणाली, "तुमाले लाज वाटली ना तिची, मॅडम? मले नाई वाटत. राहू द्या माह्यापाशी."

मी वळले आणि बांधापर्यंत आले, तर मागून धावण्याचा आवाज. मुलगी होती. हातात प्लास्टिकच्या पिशवीत सगळ्या चिठ्ठ्या, जशा दिल्या तशाच. धाप लागलेली, एकेक शब्द जुळवत तिनं विचारलं,

"मॅडम, गेले का साहेब?"

"गेले, माय. कवाचेच गेले."

"मंग उद्या येऊ?"

मी तिच्या आईकडं पाहिलं. आईनं टोपली उचलली आणि पाठ फिरवली. मुलगी माझ्या तोंडाकडं बघत उभी होती.